खारपाण पट्ट्यातली शेती : क्षार कुठून येतात आणि आपल्या हातात काय आहे

बुलडाणा जिल्ह्यात गाव सांगितले की पहिला प्रश्न येतो, घाटावरचे की घाटाखालचे? घाटाखालचे असेल तर दुसरा प्रश्न ठरलेला : पाणी गोड की खारे? शेगाव, नांदुरा, मलकापूर, संग्रामपूर आणि जळगाव जामोद या तालुक्यांमधून पूर्णा नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहत जाते. तिच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या खोल काळ्या जमिनीच्या पोटात आणि विहिरींच्या पाण्यात क्षार आहेत. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत मिळून हा खारपाण पट्टा जवळपास पावणेपाच लाख हेक्टरांचा आहे आणि त्यात ८९४ गावे मोजली जातात. पुढे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने तर या खोऱ्यातली ९३२ गावे खारपाणाची म्हणून घेतली.

हा लेख या गावांत नांगर धरणाऱ्यांसाठी आहे. सांगायचे आहे ते आधीच सांगतो. इथले बरेचसे खारेपण निसर्गाचे आहे, ते कोणत्याही औषधाने कायमचे जाणार नाही. उरलेले आपण स्वतः, मोटारीचे बटण दाबून, वर्षानुवर्षे शेतात आणून टाकतो आहोत. ते थांबवता येते. कोणते निसर्गाचे आणि कोणते आपले, हे कळल्याशिवाय केलेला खर्च वाया जातो.

क्षार आले कुठून?

"इथे कधीकाळी समुद्र होता" असे घाटाखाली बऱ्याच ठिकाणी ऐकायला मिळते. पण खारेपण समजून घ्यायला समुद्राची गरज पडत नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचा डोंगर आणि मध्ये खचलेला खोलगट भाग, अशी पूर्णेच्या खोऱ्याची ठेवण आहे. दोन्ही डोंगरांच्या काळ्या दगडाचा चुरा लाखो वर्षे वाहत येऊन इथे साचला. काही ठिकाणी या गाळाची जाडी तीनशे मीटरच्या पुढे जाते. काळा दगड झिजला की त्यातून सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटे होतात. भरपूर पाऊस आणि चांगला उतार असता तर ते नदीवाटे निघून गेले असते. इथे दोन्ही नाही. वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि उन्हाने उडून जाऊ शकणारे पाणी त्याच्या दुपटीच्या आसपास असते. जमीन सपाट, माती चिकण, गाळाखालचे पाणी संथ. मग पाणी उडते आणि क्षार मागे राहतात.

याच जिल्ह्यात लोणारला हा प्रकार उघड्या डोळ्यांनी दिसतो. उल्केच्या आघाताने झालेल्या त्या विवरात पाणी येते, बाहेर जायला वाट नाही, आणि म्हणून सरोवर खारे व अतिशय अल्कधर्मी आहे. २०२० च्या जूनमध्ये उन्हाळ्याने पाणी उतरले, क्षार आणखी दाट झाले आणि क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे ते गुलाबी झाले. पाणी येते, क्षार आणते, उडून जाते आणि क्षार ठेवून जाते. घाटाखालच्या शेतात हेच जमिनीच्या आत, फार सावकाश घडते.

खारेपण कालवे आणि बोअर येण्याच्या कितीतरी आधीचे आहे, याला जुना पुरावाही आहे. वऱ्हाडच्या इंग्रजकालीन गॅझेटियरांत पूर्णाकाठच्या खाऱ्या विहिरींतून मीठ तयार केले जात असल्याची नोंद सापडते.

पण खारी विहीर आणि बिघडलेली जमीन या दोन गोष्टी एक नाहीत, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या पुष्कळ शेतांत वर पांढरा क्षार फुललेला दिसत नाही. जमीन काळीभोर, दिसायला कसदार. तरी पाऊस पडला की चिखलाचा राडा होतो, पाणी चार-चार दिवस उभे राहते आणि ऊन पडले की दगडासारखे ढेकूळ. ही चोपण जमीन. हिच्यात मिठापेक्षा सोडियमचा त्रास जास्त असतो. चिकणमातीच्या कणांना कॅल्शियम धरून असेल तर ते गुच्छाने राहतात, मधून पाणी आणि हवा खेळते. त्यांच्या जागी सोडियम चिकटला की कण सुटे होतात, फुगतात आणि मातीतली छिद्रे बुजवतात.

सोडियमचे प्रमाण वाढते कसे, यावर नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याच खोऱ्यात बारकाईने काम केले आहे. कोरड्या हवामानात मातीतल्या पाण्यातला कॅल्शियम चुनखडीच्या रूपात खाली बसतो. नांगरताना जे पांढरे खडे वर येतात, ते हेच. कॅल्शियम असा बाजूला पडला की पाण्यात सोडियम वरचढ होतो. म्हणजे शेतकऱ्याने काहीही न करता, निव्वळ हवामानामुळे जमीन हळूहळू चोपण होत असते.

त्यांचे आणखी एक निरीक्षण आपल्या नेहमीच्या समजुतीला धक्का देणारे आहे. आपण समजतो, खोलगट जागी पाणी साचते म्हणून तिथे क्षार जास्त. अमरावती जिल्ह्यातल्या पेढी नदीच्या पाणलोटात उलट आढळले : थोड्या उंचवट्यावरची माती चोपण आणि जरा खोलगट भागातली बरी. फरक काही फुटांचाच. उंचवट्यावरून पावसाचे पाणी वाहून जाते, मुरत नाही, त्यामुळे तिथला सोडियम खाली धुतला जात नाही. आपल्या शेतात एखादा तुकडा नेहमी मागे पडत असेल तर तो उंचावर आहे का, हे या पावसाळ्यात नीट पाहा. तिथे आडवी पेरणी, आडवे बांध आणि सऱ्या करून पाणी मुरवण्याला खताच्या जादा पोत्यापेक्षा जास्त अर्थ आहे.

कोकणातली खारजमीन ऐकून-वाचून माहीत असलेले लोक तिथला उपाय इथे सुचवतात. तिथे भरतीचे पाणी बांध फुटून किंवा झिरपून आत येते, म्हणून बांध घालून समुद्र अडवायचा आणि पावसाचे पाणी साठवून, ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, सोडून क्षार धुवायचे. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि शेजारी समुद्राची उतरती पातळी, या दोन्हींच्या जोरावर ते साधते. आपल्याकडे एवढे पाणी नाही, चिकणमाती ते खाली जाऊ देत नाही, आणि धुतलेले क्षार टाकायचे तरी कुठे? शेजाऱ्याच्याच शेतात.

आपण टाकलेली भर

आता आपल्या बाजूचा हिशेब. समजा बोअरच्या पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे ईसी, २ आहे. खारपाणात हा आकडा फार मोठा मानला जात नाही. अशा पाण्याच्या एका लिटरमध्ये साधारण सव्वा ग्रॅम क्षार असतात. एका एकराला दोन इंचांचे, म्हणजे पाच सेंटिमीटरचे एक ओलीत दिले की दोन लाख लिटर पाणी शेतात जाते. त्याबरोबर गेलेल्या क्षारांचे वजन भरते सुमारे २६० किलो. पन्नास किलोची पाच पोती, एका ओलिताला, एका एकरात. हरभऱ्याला दोन पाणी दिले तर दहा पोती. पीक त्यातले फारच थोडे उचलते. बाकीचे तिथेच.

पहिली दोन-तीन वर्षे याचे काहीच दिसत नाही, उलट ओलीत मिळाले म्हणून उतारा वाढतो. म्हणूनच हा नाद सुटत नाही. पुढे जमीन पाणी पिईनाशी होते, उगवण विरळ होते, आणि तोवर दोष बियाण्याला, खताला, औषधाला देऊन झालेला असतो.

पाणी नुसते खारट असते तर एक वेळ परवडले असते. इथल्या अनेक विहिरींच्या पाण्यात सोडियमबरोबर बायकार्बोनेट असतो. तो मातीतल्या उरल्यासुरल्या कॅल्शियमला चुना करून बसवतो. जे काम हवामान हजारो वर्षांत करते, ते असले पाणी काही हंगामांत करून टाकते.

दुसरी भर सातपुड्याच्या पायथ्याशी पडते. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांच्या उत्तरेला, डोंगरातून आलेल्या दगडगोट्यांच्या आणि वाळूच्या पट्ट्यात पाणी गोड आहे. तिथे संत्रा आणि केळी उभी आहे. डोंगरात पडलेला पाऊस याच पट्ट्यातून जमिनीत शिरतो आणि खाली पूर्णेकडे सरकतो. पायथ्याशी खोल बोअरने उपसा वाढला की खालच्या गावांकडे येणारे गोड पाणी आटते आणि खाऱ्या पाण्यावरचा त्याचा दाब कमी होतो. त्यामुळे पायथ्याच्या गावांनी नाल्यांवर पाणी मुरवण्याची कामे केली तर त्याचा फायदा खारपाणातल्या गावांनाही पोचतो. दोन्हीकडच्या ग्रामपंचायतींनी एकत्र बसून विचार करावा असा हा विषय आहे.

तिसरी भर सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही : नाले. बांध सरकवत सरकवत जुने चर शेतात घेतले गेले, रस्ते उंच झाले आणि त्यांखालच्या नळ्या गाळाने भरल्या. सपाट चिकण जमिनीतून पाणी निघायची जी काही वाट होती ती बुजली. पाणी उभे राहिले की क्षार वर येणारच.

तपासणी : आधी घरात, मग प्रयोगशाळेत

माती चोपण होते आहे का, हे पाहण्याची एक बिनखर्ची रीत आहे. शेतातले सुकलेले ढेकूळ घ्या, हरभऱ्याच्या दाण्याएवढा तुकडा मोडा. काचेच्या पेल्यात पावसाचे किंवा बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी घ्या. विहिरीचे पाणी नको, त्यातले क्षार खरा प्रकार झाकतात. तुकडा हळूच पाण्यात सोडा आणि पेला हलवू नका. तुकडा नुसता फुटून ढीग झाला, पण पाणी निवळ राहिले, तर काळजी कमी. तुकड्याभोवती दुधासारखा धूर सुटू लागला, तो तळाशी पसरला आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच असले, तर त्या मातीत सोडियमने घर केले आहे. हाच प्रयोग वरच्या मातीचा करा, मग दोन फुटांखालच्या मातीचा करा. खारपाणात बऱ्याचदा वरचा पेला निवळ आणि खालचा गढूळ निघतो.

म्हणूनच प्रयोगशाळेत नमुना देताना फक्त वरची वीतभर माती देऊ नका. नेहमीच्या माती परीक्षणाची ती पद्धत खताच्या शिफारशीसाठी ठीक आहे. क्षारांसाठी शेतात तीन फूट खड्डा घ्या आणि प्रत्येक फुटाचा नमुना वेगळ्या पिशवीत भरा. चांगला तुकडा आणि बिघडलेला तुकडा यांचे नमुने एकत्र करू नका. पिशवीवर गट नंबर, खोली आणि मागचे पीक लिहा. बुलडाण्याची जिल्हा मृद सर्वेक्षण व मृद चाचणी प्रयोगशाळा, जळगाव जामोदचे कृषी विज्ञान केंद्र किंवा अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांपैकी जिथे सोय होईल तिथे जा. मात्र सामू आणि ईसीवर समाधान मानू नका, विनिमययोग्य सोडियमचे शेकडा प्रमाण, म्हणजे ईएसपी, तपासून मागा.

अहवाल हातात आल्यावर एक गोष्ट लक्षात असू द्या. पुस्तकात चोपण जमिनीची व्याख्या ईएसपी १५ च्या पुढे अशी दिलेली असते. आपल्या खोऱ्यातली चिकणमाती इतकी फुगणारी आहे की नागपूरच्या संस्थेच्या अभ्यासात ईएसपी ५ च्या पुढे गेल्यावरच जमिनीची पाणी मुरवण्याची ताकद घटलेली आणि कपाशीचा उतारा पडलेला दिसला. अहवालात ८ किंवा ९ आकडा आला आणि कोणी "जमीन नॉर्मल आहे" असे सांगितले, तर ते मानू नका.

पाण्याचा नमुना मे महिन्यात एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा द्यावा. मोटार अर्धा तास चालवून मग बाटली भरा. ईसी ०.७५ पर्यंत पाणी निर्धास्त वापरावे. २.२५ च्या पुढे असेल तर काळ्या जमिनीला ते देऊच नये. मधल्या पाण्याचा निर्णय आरएससीवर, म्हणजे पाण्यात शिल्लक राहणाऱ्या कार्बोनेटवर करावा. तो १.२५ च्या आत असेल तर चालेल, २.५ च्या वर गेला तर नाही. या दोहोंमधल्या पाण्यात जिप्सम मिसळून वापरता येते. आरएससी एकाने खाली आणायला दहा लाख लिटरला ८६ किलो शुद्ध जिप्सम लागते.

पावसाचे पाणी हेच खरे औषध

खारपाणात फुकट मिळणारे गोड पाणी एकच, आभाळातले. ते आधी जमिनीत मुरवायचे, जास्तीचे बाहेर काढायचे आणि बाहेर काढलेले साठवायचे. रुंद वाफा-सरी पद्धतीने पेरणी केली तर पहिली दोन कामे एकदम होतात. वाफ्यावर रोपाच्या मुळांना हवा मिळते, सरीत पाणी थांबून मुरते आणि जास्तीचे सरीतून चराकडे जाते. सपाट पेरलेल्या सोयाबीन-मुगाची या जमिनीत जोराच्या एका पावसाने काय गत होते, ते वेगळे सांगायला नको. पेरणीनंतर पोपडा धरला तर डवऱ्याचा हलका फेर लगेच द्या. वाफसा येण्याआधी ट्रॅक्टर शेतात घालू नका. चोपण माती ओली दाबली गेली की तो दाब पुढची दोन-तीन वर्षे सुटत नाही.

साठवण्याचे तिसरे काम शेततळ्याचे, आणि त्याबाबतीत निसर्गाने इथल्या शेतकऱ्याला एक सवलत दिली आहे. जी चिकणमाती पिकाला पाणी पिऊ देत नाही, तीच तळ्याचा तळ गळू देत नाही. खारपाणात अस्तर न घालताही शेततळी पाणी धरतात आणि प्लास्टिकचा खर्च वाचतो. ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल तळ्यात, कडांचा उतार धरून, साधारण एकोणीस लाख लिटर पाणी मावते. उडून-मुरून एक तृतीयांश गेले तरी सहा एकर हरभऱ्याला दोन इंचांचे एक पाणी तुषारने बसते. घाटे भरताना मिळालेले ते एक गोड पाणी बोअरच्या तीन खाऱ्या पाण्यांना भारी आहे.

तळे घेताना दोन काळज्या घ्या. पहिली, तळ भूजलाच्या पातळीच्या पुरेसा वर राहू द्या. आधी शेजारच्या विहिरीतले ऑक्टोबरमधले पाणी किती खोल आहे ते मोजा. जास्त खोल खणण्याच्या हव्यासात खालचे खारे पाणी तळ्यात उतरले की सगळे मुसळ केरात. दुसरी, कडा उभ्या ठेवू नका. सोडियम असलेली माती पाण्यात विरते आणि उभी कड पहिल्याच पावसाळ्यात ढासळते. एकास दीड किंवा त्याहून सपाट उतार ठेवा, कडेवर गवत लावा, पाणी आत येते त्या तोंडाशी दगड बसवा आणि गाळ थांबायला आधी एक छोटा खड्डा ठेवा.

जिप्सम : कधी, किती आणि कधी नाही

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यातला कॅल्शियम मातीच्या कणावरच्या सोडियमला हुसकावतो आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली जातो. पूर्णा खोऱ्यातल्या प्रयोगांत हेक्टरी अडीच टन, म्हणजे एकरी एक टन, ही मात्रा उपयोगी पडली आहे. तरी आपली मात्रा माती अहवालावरूनच ठरवा. ज्या शेतात निव्वळ मीठ आहे, सोडियमचे प्रमाण कमी आहे, तिथे जिप्सम टाकणे म्हणजे पैसा मातीत घालणे.

वेळ फार महत्त्वाची. एक लिटर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम जिप्सम विरघळते. एकरी एक टनाचा हिशेब केला तर ते सगळे विरघळायला कमीत कमी शंभर मिलिमीटर पाऊस जमिनीत मुरावा लागतो. म्हणून जिप्सम मेअखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यात, वखराच्या पाळीने वरच्या चार-पाच इंचांत मिसळा. रब्बीत, पाऊस संपल्यावर टाकलेले जिप्सम नुसते पडून राहते. बारीक दळलेले घ्या, शुद्धतेचा टक्का पिशवीवर वाचा आणि नांगरून खोल गाडू नका.

आणि सर्वांत आधी चर. सुटलेल्या सोडियमला बाहेर जायला वाट नसेल तर तो पुन्हा त्याच कणाला येऊन चिकटतो. शेताच्या उताराच्या बाजूला अडीच-तीन फूट खोल उघडा चर काढून तो नाल्याला जोडल्याशिवाय जिप्समचा खर्च करू नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

जिप्समला सेंद्रिय खताची जोड हवी. ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याआधी, सहा-सात आठवड्यांचा असताना गाडला तर कुजताना मातीतली चुनखडी थोडी विरघळते आणि आपलाच कॅल्शियम कामाला लागतो. गंधकही याच कारणाने इथे चालते. ते जिप्समच्या साधारण पाचव्या हिश्श्याने लागते, पण त्याचे काम जीवाणूंवर अवलंबून असल्याने परिणाम सावकाश होतो. खतांत एकट्या युरियावर भिस्त न ठेवता अमोनियम सल्फेट आणि सिंगल सुपर फॉस्फेट यांना पसंती द्या. सुपर फॉस्फेटमध्ये जिप्समचा अंश असतोच. अशा जमिनीत जस्ताची कमतरता हमखास असते, अहवाल पाहून झिंक सल्फेट द्या.

पीक जमिनीकडे पाहून

जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या तक्त्यांत कोणते पीक मातीतले मीठ कुठवर सोसते याचे आकडे आहेत. मातीच्या संपृक्त अर्काची ईसी धरून कपाशी ७.७ पर्यंत, ज्वारी ६.८ पर्यंत आणि गहू ६ पर्यंत उतारा न घटता टिकतो. मका आणि संत्रा १.७ च्या आसपासच मान टाकू लागतात, कांदा तर १.२ वर. पायथ्याच्या गोड पाण्यावर संत्रा चांगला दिसतो म्हणून पूर्णेजवळच्या शेतात बोअरच्या भरवशावर बाग लावणे किती धोक्याचे, ते या आकड्यांतच आहे. हे आकडे मिठाचे आहेत, सोडियमने घट्ट झालेल्या जमिनीला ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तिथे मुळाची ताकद बघावी लागते. देशी कपाशी, तूर आणि करडई यांची मुळे खोल जातात. आपल्या आजोबा-पणजोबांनी इथे देशी कापूस, ज्वारी, मूग आणि कोरडवाहू हरभरा धरला होता तो अनुभवाने. मूग काढून झाल्यावर ओल राखून पेरलेला हरभरा किंवा करडई ही जोडी आजही खारपाणात सर्वांत कमी जोखमीची आहे. अकोल्याच्या विद्यापीठाने देशी कपाशीचे वाण दिलेले आहेत, निदान बिघडलेल्या तुकड्यावर तरी ते लावून पाहा. उगवण कमी होते हे गृहीत धरून बियाणे नेहमीपेक्षा पाव हिश्श्याने वाढवा.

घरातल्या माठाचे काय?

शेताबरोबर माणसांचाही विचार करायला हवा. संग्रामपूर, जळगाव जामोद आणि शेगाव तालुक्यांत मूत्रपिंडाच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळत आले आहेत आणि खाऱ्या पाण्याकडे बोट दाखवले जाते. कारणे एकाहून अधिक असू शकतात, पण तपासणी सोपी आहे. रक्तातील क्रिएटिनिन वर्षातून एकदा ग्रामीण रुग्णालयात पाहून घ्या, रक्तदाब आणि साखर असलेल्यांनी तर नक्कीच. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊन खात राहू नका, त्यांचाही भार मूत्रपिंडावर पडतो.

पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावेत, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत, असे भारतीय मानक आहे. वान धरणाच्या पाण्यावरची १४० गावांची योजना यांपैकी संग्रामपूर आणि जळगाव जामोद या दोन तालुक्यांसाठी झाली. नळाला गोड पाणी येत असेल तेव्हा पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी त्यातलेच भरून ठेवा, वापराला विहीर चालेल. टिनाचे छप्पर असेल तर ५० चौरस मीटर छपरावरून पावसाळ्यात २५ हजार लिटरहून जास्त पाणी उतरते. पाच माणसांच्या कुटुंबाला रोज २५ लिटर धरले तर वर्षाची गरज नऊ-साडेनऊ हजार लिटरची. पहिले दोन पाऊस वाहू द्या, मग जाळीतून टाकीत घ्या, टाकी झाकून ठेवा आणि प्यायचे पाणी उकळा. गावात आरओ यंत्र असेल तर त्यातून निघणारे टाकाऊ पाणी विहिरीजवळ किंवा शेतात सोडू नका. गावाच्या पाण्यातले गाळून काढलेले सगळे क्षार त्यात असतात.

जिगावचे पाणी येण्याआधी

नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगाव प्रकल्पाचे काम अनेक वर्षे चालले आहे. सुमारे एक लाख हेक्टरांना पाणी मिळायचे आहे आणि त्यातला मोठा भाग खारपाणातला आहे. ज्यांनी खाऱ्या बोअरवर आयुष्य काढले त्यांना या पाण्याची आस आहे आणि ती रास्त आहे. पण महाराष्ट्राने हा अनुभव आधी घेतलेला आहे. नीरेचा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांतच त्याच्या लाभक्षेत्रात जमिनी चिबड आणि खारवट झाल्याची चौकशी करावी लागली. सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत कृष्णेकाठी उसाला भरमसाट पाणी दिल्याने हजारो एकर जमीन पांढरी पडली. शिरोळ, वाळवा भागात आता शेतकरी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून ते पाणी काढत आहेत, आणि एकरी खर्च मोठा येतो. तिथे जमिनीखाली इतके खारे पाणी मुळात नव्हते. आपल्याकडे ते आधीपासून आहे. कालव्याने पातळी चढली तर वर येणारे पाणी खारेच असेल.

म्हणून लाभक्षेत्रात येणाऱ्या प्रत्येक गावाने ग्रामसभेत तीन गोष्टी ठरावात लिहून घ्याव्यात. पाण्याच्या वितरिकेबरोबर गावातल्या नाल्यांची खोली आणि उतार मोजून त्यांची कामे त्याच वेळी व्हावीत. पाणी ठिबक-तुषारला मिळेल अशा पद्धतीने द्यावे, पाटाने मोकाट नव्हे. आणि गावातल्या निवडक विहिरींची पातळी व ईसी वर्षातून दोनदा मोजून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी. यातले शेवटचे काम सरकारची वाट न पाहता करता येते. साधा ईसी मीटर काही हजार रुपयांत मिळतो, गावातल्या शाळेची पोरेही तो वापरू शकतात. येत्या मे महिन्यात पहिली नोंद घ्या. जिगावचे पाणी गावात येईल तेव्हा त्याआधीची स्थिती काय होती, हे दाखवायला तुमच्या हातात तुमचाच कागद असला पाहिजे.